स्मारकशिल्प, सार्वजनिक : पनवेल परिसर

एखाद्या गावाचा, जमातीचा अथवा लढ्याचा इतिहास उघड्या जागेत दगड, धातू किंवा सिमेंट यांच्या रूपाने टिकून राहावा, या हेतूने लोकांनी, संस्थेने वा सरकारने शिल्पकाराकडून मुद्दाम घडवून घेतलेली कृती. स्तंभ, शिलालेख, भित्तिशिल्प व पुतळा हे तिचे रूढ प्रकार होत; परंतु महाराष्ट्रात स्मारक म्हटले की पुतळा आणि पुतळा म्हटला की चौक, असा शिरस्ताच पडून गेला असून पनवेल परिसराचा अर्वाचीन इतिहास या शिरस्त्यात पुरता मावत नाही.

एकाच पुरुषाभोवती गुंफता येईल असा इतिहास येथे नाही असे नव्हे. तालुक्यातील शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मग्राम (४ नोव्हेंबर १८४५); १८७९ च्या बंडानंतर जन्मठेपेवर एडनला पाठविलेल्या आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच दिवंगत झालेल्या या क्रांतिकारकाचे स्मारक जन्मगावी आहे, आणि पनवेल शहरातील नाट्यगृहालाही त्यांचेच नाव दिलेले आहे. अशा चरित्राला पुतळा शोभतो, कारण चेहरा ज्ञात असतो आणि कर्तृत्व एकाचे असते.

शेजारच्या उरण तालुक्यातील चिरनेरची गोष्ट निराळी. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहासाठी कोयते घेऊन जमलेल्या आगरी, कोळी, कातकरी जनसमुदायावर पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही बळी पडले आणि त्याच धुमश्चक्रीत मामलेदार जोशी हेही प्राणास मुकले. धाकू गवत्या फोफेरकर, नवशा महादेव कातकरी, आलू बेमट्या म्हात्रे ही हुतात्म्यांच्या यादीतील नावे वाचताना, निरनिराळ्या गावांची आणि जातींची माणसे एका रानाच्या हक्कासाठी कशी एकवटली होती, हे वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून येथे मूर्तीपेक्षा नावाचे महत्त्व अधिक, आणि शिल्पकाराइतकाच अक्षरे कोरणारा पाथरवटही मोलाचा. दरवर्षी याच तारखेला पोलीस दलच बंदुकीच्या फैरी झाडून या हुतात्म्यांना मानवंदना देते. १९८० नंतरच्या दशकात राज्य सरकारने महाराष्ट्रभर दोनशेहून अधिक हुतात्मा स्मारके बांधली, परंतु ती बहुतांशी एकाच नमुन्याची असल्याने कोकणातले स्मारक व मराठवाड्यातले स्मारक यांत फरक उरला तो पाटीपुरता.

तिसरा प्रसंग जमिनीचा. नवी मुंबई वसविणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० मध्ये झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील पंचाण्णव गावांच्या जमिनींचे संपादन सुरू झाले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-दास्तान फाटा आणि नवघर-पागोटे येथे शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील भूसंपादनविरोधी आंदोलनावर झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. पुढे लोकांच्या तोंडी 'साडेबारा टक्के' या नावाने रूढ झालेली विकसित भूखंड परत देण्याची योजना याच आंदोलनाचे फळ होय. ज्यांनी जमीन दिली त्यांच्या स्मारकाला जागा मागताना पुन्हा संपादन करणाऱ्या खात्याच्याच दारी जावे लागावे, हा येथील स्मारककारणाचा विलक्षण पेच आहे.

कृती घडवून घेण्याचा रीतसर मार्ग लांबलचक आहे. स्थानिक संस्थेचा ठराव (पनवेलची नगरपालिका १८५२ ची, महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ पासून), जागेच्या मालकीचे दप्तर, पोलीस व बांधकाम खात्यांचे ना-हरकत दाखले, कला संचालनालयाची मातीच्या प्रतिरूपास संमती आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीची परवानगी, अशी ही पायरीपायरीची तजवीज असून २ मे २०१७ च्या शासननिर्णयाने तिची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आहेत. सार्वजनिक रस्ते व पदपथ यांवर पुतळे उभारू देऊ नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश असल्याने चौकाचा हट्ट कायद्यानेही लंगडा पडतो. ही संमती केवळ कागदी उपचार समजली की काय होते, हे मालवणात दिसले: राजकोट किल्ल्यावरील शिवपुतळ्याचे अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजी झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला, आपण संमती दिली ती सहा फुटी प्रतिरूपाला, असे कला संचालनालयाने नंतर सांगितले, आणि उभा राहिला होता तो पस्तीस फुटी पुतळा.

खाऱ्या वाऱ्याच्या या पट्ट्यात द्रव्याची निवड हा शोभेचा विषय नव्हे. कांस्यावर कालांतराने हिरवट थर चढतो आणि तोच आतल्या धातूचे रक्षण करतो. आतील लोखंडी सांगाडा मात्र गंजून फुगतो आणि बाहेरचे कवच फोडतो. अलिबागजवळच्या सासवणे गावचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांनी पुण्यातील अश्वारूढ शिवपुतळा (१९२८) एकसंध ओतला, आणि गावी परतल्यावर भोवतालची माणसे व जनावरे सिमेंटात घडविली. त्यांच्या घरी असलेले या शिल्पांचे संग्रहालय रायगड जिल्ह्यातच असूनही स्मारक समित्यांची चौकशी प्रथम पुतळ्याच्या उंचीविषयी असते आणि देखभालीच्या खर्चाची तरतूद कोणाच्या खाती टाकावी, हा विषय अनावरणाची तारीख ठरल्यावर निघतो.