४२.३४ मीटरवरचा आवाज

वसई-विरारहून लोकलने चर्चगेटकडे जाताना चर्नी रोडला उजवीकडे चौपाटी दिसते. ऑगस्ट १९४२ मध्ये याच परिसरातून गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला. तो चालवणाऱ्या उषा मेहता तेव्हा अवघ्या २२ वर्षांच्या विद्यार्थिनी होत्या. आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची हकीकत वर्तमानपत्रे छापायला धजत नव्हती. ती या केंद्राने सांगितली. भाषणेही होत, आणि शेवटी ‘वंदे मातरम्’.

केंद्र ४२.३४ मीटरवर लागे. प्रकाशाच्या वेगाला या आकड्याने भागायला मुलांना सांगा. सेकंदाला सुमारे ७१ लाख कंपने येतील. अशा लघुलहरी आयनांबरातून परततात, म्हणून लहानसा प्रक्षेपकही दूरवर ऐकू जातो. पण याच लहरी स्वतःचा पत्ताही सांगतात. (ट्रान्झिस्टर हळूहळू फिरवून पाहा : मध्यमलहरींवरचे केंद्र एका स्थितीत क्षीण होते.) दोन ठिकाणांहून अशी दिशा काढली की दोन रेषा जिथे छेदतात, तिथे पोलीस पोचणारच! म्हणून प्रक्षेपक सारखा हलवावा लागे.

१२ नोव्हेंबरला धाड पडली, ती मात्र आधी पकडल्या गेलेल्या तंत्रज्ञाने जागा दाखवल्यामुळे. उषाताईंना ४ वर्षांची शिक्षा झाली.