रात्रीत उतरणारी बॅटरी : दोष बॅटरीचा की गाडीचा?

संध्याकाळी उत्तम चाललेली मोटार सकाळी किल्ली फिरवताच नुसता ‘टक्’ असा आवाज करून गप्प बसते. शेजाऱ्याच्या गाडीला वायर जोडून ती सुरू होते, दिवसभर चालते आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. अशा वेळी बहुतेक वाहनमालक थेट नवी बॅटरी बसवून मोकळे होतात. बॅटरी जुनी असेल तर हा उपाय लागूही पडतो. परंतु विजेची गळती गाडीतच होत असेल, तर नवी बॅटरीही काही दिवसांत त्याच वाटेने जाते आणि काही हजार रुपये पाण्यात जातात.

मोटारीच्या बॅटरीला बारा व्होल्टची म्हणतात. मात्र सहा घरांची शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि आकडा १२ च्या खाली गेला की ती जवळपास उतरलेलीच समजावी. हे मोजमाप गाडी बंद करून काही तासांनी घ्यावे. इंजिन थांबवल्याबरोबर घेतलेला आकडा फुगीर असतो. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. तेवढे मिळत नसतील तर चार्जिंगच अपुरे आहे आणि प्रश्न रात्रीचा नसून दिवसाचा आहे. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीचेही असेच होते.

दोष कोणाचा, हे ठरवण्याची सर्वांत स्वस्त परीक्षा एका पान्याने होते. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी आणि रात्री निगेटिव्ह टर्मिनल, म्हणजे काळ्या वायरीचे टोक, सोडवून ठेवावे. सकाळी व्होल्टेज जवळपास तेवढेच राहिले आणि वायर जोडताच गाडी झटक्यात सुरू झाली, तर चोर गाडीत आहे. एकटी ठेवूनही बॅटरी उतरली, तर ती बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

इथे थोडे गणित उपयोगी पडते. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म आणि संगणकीय भाग अखंड थोडी वीज घेतात. २० ते ५० मिलिअँपिअर हे सर्वसाधारण प्रमाण मानले जाते. ५० मिलिअँपिअरने दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात. डिकीतील पाच वॅटचा दिवा रात्रभर, म्हणजे दहा तास, जळत राहिला तरी चारच अँपिअर-तास जातात. ४५ अँपिअर-तासांची निरोगी बॅटरी तेवढे सहज सोसते. एका रात्रीत तिला लोळवायला दोन-तीन अँपिअरची गळती लागते. त्यामुळे केवळ छोट्या दिव्याने गाडी बंद पडत असेल, तर दिव्याबरोबरच बॅटरीवरही संशय घ्यावा.

गळती मोजण्यासाठी मल्टिमीटर दहा अँपिअरच्या खाचेत लावून निगेटिव्ह टर्मिनल आणि सोडवलेली काळी वायर यांच्या मध्ये जोडतात. मीटर असा जोडलेला असताना इंजिन सुरू करू नये, हेडलाइटही लावू नयेत. मीटरचा फ्यूज उडतो. खरी चूक मात्र घाईची होते. गाडीतील संगणकीय भाग लगेच झोपी जात नाहीत. त्यांना वीस ते चाळीस मिनिटे, काही गाड्यांत तासभरही लागतो. तोवर दिसणारा मोठा आकडा निरर्थक असतो. दाराचे कुलूप स्क्रूड्रायव्हरने मिटवून गाडीला दार बंद असल्याचे भासवावे, आणि बटणावर सुरू होणारी गाडी असेल तर चावी बरीच दूर ठेवावी. वायर न सोडवता मोजणारा डी.सी. क्लॅम्प मीटर मिळाला तर उत्तमच.

आकडा मोठाच राहिला, तर एकेक फ्यूज काढून तो कधी खाली येतो हे पाहण्याची जुनी पद्धत आहे. मात्र फ्यूज काढता-घालताना झोपलेले भाग जागे होतात आणि मोजणी बिघडते. त्याऐवजी फ्यूजच्या माथ्यावरील दोन उघड्या धातूबिंदूंना मिलिव्होल्टवर ठेवलेला मीटर टेकवावा. शून्याहून वेगळा आकडा दिसला, की त्या वाटेने वीज वाहते आहे.

सापडणारे गुन्हेगार बहुधा ठरावीक असतात : बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम, चिकटलेला रिले, बंद न होणारा डिकीचा दिवा. नवी जोडणी केल्यानंतरच त्रास सुरू झाला असेल, तर शोध तिथूनच सुरू करावा. सर्व फ्यूज निर्दोष ठरूनही गळती थांबत नसेल, तर अल्टरनेटरकडे वळावे. त्यातील डायोड खराब झाल्यास बॅटरीची वीज उलट त्याच्यात वाहू लागते, आणि त्याची जाड वायर बहुतेक गाड्यांत नेहमीच्या फ्यूजपेटीतून जातच नाही. बंद गाडीचा अल्टरनेटर तासाभराने कोमट लागला तर संशय बळावतो. हा दोष अनेकदा शेवटपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

गोव्याच्या पावसाळी, खाऱ्या हवेत आणखी एक कारण संभवते. बॅटरीच्या माथ्यावर साचलेली ओलसर धूळ आणि आम्लाचा पापुद्रा यांतूनही दोन टोकांमध्ये बारीक प्रवाह वाहतो. ही गळती एका रात्रीत घात करणारी नसली, तरी आठवडे उभ्या गाडीला भोवते. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने माथा पुसून कोरडा करावा. झाकणे असतील तर पाणी आत जाऊ देऊ नये. हायब्रीड व विद्युत गाड्यांतील नारिंगी वायरींना मात्र हात लावू नये. त्या उच्च दाबाच्या असतात.

बोटीवर किंवा आखातात नोकरी करणाऱ्यांची गाडी घरी महिनोन्‌महिने उभी असते. तिथे कोणताही दोष नसताना सामान्य खर्चही पुरतो : ५० मिलिअँपिअरने ४५ अँपिअर-तासांची बॅटरी एकोणीस दिवसांतच निम्म्यावर येते. जाण्यापूर्वी निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे, रेडिओचा कोड लिहून ठेवावा, आणि चावीने हाताने उघडणारे कुलूप कोणत्या दाराला आहे, हे आधीच पाहून घ्यावे.