आज्ञावल्यांचे स्थलांतर आणि मराठीतील अर्धा ‘र’

विंडोजसाठी लिहिलेली आज्ञावली लिनक्स अथवा मॅकिंटॉशवर चालावी म्हणून तिच्यात जे फेरफार करावे लागतात, त्यांना संगणकाच्या परिभाषेत ‘पोर्टिंग’ म्हणतात. मराठीत त्याला आज्ञावलीचे स्थलांतर म्हणता येईल. सामान्य वापरकर्त्याला हे काम किरकोळ वाटते. प्रत्यक्षात पत्रलेखनाची वा हिशेबाची आज्ञावली स्वतः फारच थोडे करते. खिडकी उघडणे, अक्षर रेखाटणे, फाइल साठवणे, छपाईयंत्राशी बोलणे ही कामे ती संगणकाच्या कार्यप्रणालीकडून करवून घेते. कार्यप्रणाली बदलली की या प्रत्येक विनंतीचे नाव आणि नियम बदलतात.

या अडचणीतून तीन वाटा काढण्यात आल्या. पहिली, मूळ संकेतावली सामाईक ठेवून ती नव्या प्रणालीवर तशीच बसवण्याची. मायक्रोसॉफ्टचे एक्सेल १९८५ साली प्रथम मॅकिंटॉशवरच आले आणि १९८७ मध्ये विंडोजवर गेले, हे आज अनेकांना ठाऊक नसते. मात्र १९९४ मध्ये विंडोजच्या संकेतावलीवर बेतलेले वर्ड ६ मॅकवर आले, तेव्हा ते संथ आणि परके वाटल्याने ग्राहक नाराज झाले.

दुसरी वाट दुभाष्याची. १९९३ मध्ये सुरू झालेला ‘वाइन’ हा प्रकल्प विंडोजच्या विनंत्यांचे लिनक्सच्या भाषेत रूपांतर करतो. कर्जत स्थानकात बोरघाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने जोडतात, तसाच हा प्रकार. गाडी तीच राहते, चढ पार होतो, पण वेगाची अपेक्षा धरू नये. कोरेल कंपनीने २००० साली वर्डपरफेक्ट ऑफिस लिनक्सवर आणले ते याच वाटेने. ते जड ठरले आणि पुढच्याच वर्षी कंपनीने आपला लिनक्सचा व्यवसाय विकून टाकला.

तिसरी वाट दूरदृष्टीची म्हणावी लागेल. जर्मनीतील स्टार डिव्हिजन या कंपनीने आपली आज्ञावली आणि कार्यप्रणाली यांच्यामध्ये स्वतःचाच एक थर बांधला. नव्या प्रणालीवर जाताना मुख्यतः तो थर तेवढा बदलायचा. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये ही कंपनी विकत घेतली व २००० च्या ऑक्टोबरात स्टारऑफिसची संकेतावली खुली केली. त्यातूनच ओपनऑफिस आणि २०१० मध्ये लिबरऑफिस जन्मले.

मराठी वाचकाच्या दृष्टीने खरी कसोटी याच्या पुढे लागते. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये विकसित झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने नावारूपाला आणलेले ‘जिस्ट’ कार्ड डॉसच्या संगणकात बसवले की वर्डस्टार किंवा डीबेस या इंग्रजी आज्ञावल्या जशाच्या तशा देवनागरी दाखवू लागत. विंडोजच्या चित्रमय पडद्यावर ही युक्ती निरुपयोगी ठरली. मग इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवणारे फॉन्ट आले आणि डीटीपीच्या दुकानांत ते रुळले. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. लग्नपत्रिका सुबक निघे, पण तीच फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग समोर येई.

युनिकोडने अक्षरांचे क्रमांक निश्चित केले. त्यांची जोडाक्षरे कशी रेखाटावीत हे काम मात्र प्रत्येक प्रणालीतील वेगळ्या यंत्रणेकडे राहिले. म्हणूनच मॅकवरील ऑफिस २०११ मध्ये देवनागरी जोडाक्षरे नीट जुळत नसत, आणि त्याच संगणकावरील ॲपलच्या टेक्स्टएडिटमध्ये तोच मजकूर शुद्ध दिसे. ऑफिस २०१६ मध्ये ही उणीव भरून निघाली. लिबरऑफिसने २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून सर्व प्रणालींवर अक्षरजुळणीसाठी ‘हार्फबझ’ ही एकच यंत्रणा स्वीकारली.

यातही मराठीचा एक अर्धा ‘र’ स्थलांतर करणाऱ्यांना फार छळतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील एक नमस्काराचा मानकरी, दुसरा स्वयंपाकाचा धनी. हिंदीला या भेदाची गरज नसल्याने केवळ हिंदीवर तपासलेली आज्ञावली येथे सहज चुकते. शिवाय हा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ने, किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण साध्या शोधात एक प्रकार टंकला तर दुसरा सापडत नाही. खातेदार शेतकऱ्यांच्या याद्या ठेवणाऱ्या कर्जत-खालापूरसारख्या तालुक्यांत याचा अर्थ उघड आहे. यादीत नाव असूनही संगणक ते नाही म्हणू शकतो.

परवान्याचा खर्च वाचवण्यासाठी या भागातील एखादी शाळा, पतसंस्था अथवा ग्रामपंचायत लिनक्सकडे वळू पाहील, तर तिच्यापुढील मोठा अडसर नव्या आज्ञावलीचा नसून जुन्या फाइलींचा असेल. सवयीचा प्रश्नही आहेच. एमएस-सीआयटीच्या वर्गांतून हजारोंनी विंडोज व एमएस-ऑफिसवरच हात बसवला. सवय काही आठवड्यांत बदलते. तुकड्यांच्या फॉन्टमधील दस्तऐवज मात्र आपोआप बदलत नाहीत. त्यांच्यासाठी नेमक्या त्याच फॉन्टचा तक्ता असलेला परिवर्तक लागतो. म्हणून जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी त्यातील फॉन्टची नावे टिपून घ्यावीत, मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या ओपन डॉक्युमेंट या स्वरूपात साठवावा. परिवर्तनानंतर पहिल्या पानावर ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि ‘र्‍हस्व इकार’ असलेले शब्द डोळ्यांनी तपासावेत. ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ आणि ‘स्थिती’ हे तीन शब्द शुद्ध उतरले नाहीत, तर उरलेल्या फाइली हलवण्याची घाई करू नये.