दहा बोटांची विद्या

इतिहास म्हटला की आपल्या नगरकरांच्या डोळ्यांपुढे भुईकोट किल्ला, चांदबिबी आणि निजामशाही उभी राहते. त्यात गैर काही नाही. परंतु तलवारीला जसा इतिहास असतो तसा टाकालाही असतो, आणि टाकाची जागा ज्या यंत्राने घेतली त्या यंत्राच्या कळांनाही असतो. सहावी-सातवीतल्या मुलांना कळफलकावर बोटे चालवायला शाळेने शिकवावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. कामगार चळवळीत वावरणारी आम्ही माणसे तो किरकोळ मानीत नाही. ज्याला लिहिण्याचे साधन वापरता येते, त्याच्या हाती अर्ज, हिशेब आणि करार राहतो. ज्याला येत नाही, त्याला दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर अंगठा उठवावा लागतो. म्हणून या विद्येची कहाणी आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

अमेरिकेत शोल्स नावाच्या गृहस्थाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १८६८ साली टंकयंत्राचे पेटंट घेतले. पुढे बंदुका बनविणाऱ्या रेमिंग्टन कारखान्याने ते यंत्र तयार करावयास घेतले आणि १८७४ साली ते बाजारात आले. आज संगणकावर इंग्रजी अक्षरांची जी मांडणी दिसते ती मूळची याच घराण्यातली. यंत्र आले, पण ते चालवावे कसे याचे शास्त्र यंत्राबरोबर आले नाही. लोक दोन-दोन बोटांनी, कळांकडे पाहत, अक्षर शोधून मारीत. १८८८ सालच्या जुलैत सिनसिनाटी शहरात मॅकगरिन आणि ट्रॉब या दोन टंकलेखकांची जाहीर चढाओढ झाली. ट्रॉब कळांकडे पाहून टंकीत असे. मॅकगरिनने सारा कळफलक पाठ केला होता व तो न पाहता सर्व बोटे चालवी. मॅकगरिन जिंकला. दोघांची यंत्रे निराळी होती हे खरे. तथापि त्या दिवसापासून एक गोष्ट जगाच्या ध्यानी आली, ती ही की वेग नुसता यंत्रात नसतो, शिकविलेल्या हातात असतो.

हिंदुस्थानात हे यंत्र आले ते साहेबाच्या कचेरीतून, इंग्रजी भाषेबरोबर. पुष्कळ काळ ते परदेशी बनावटीचेच असे. गोदरेजने पहिले भारतीय टंकयंत्र काढले ते १९५५ साली. मराठीला मात्र दुहेरी अडचण होती. यंत्राच्या कळा पन्नासाच्या आत, प्रत्येक कळेवर दोन खुणा; आणि आपली लिपी पाहावी तर स्वर, व्यंजने, काना-मात्रा, रफार आणि जोडाक्षरे यांनी गजबजलेली. यावर तोड निघाली ती अशी की पुष्कळ व्यंजनांची अर्धी रूपे कळांवर घ्यावी आणि काना स्वतंत्र मारून अक्षर पुरे करावे. पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी मारावी लागे. म्हणजे बोलताना ‘क’ आधी आणि ‘इ’ मागून, पण टंकताना वेलांटी आधी आणि ‘क’ मागून! जिभेचा क्रम एक आणि बोटांचा दुसरा, अशी ती कसरत होती.

१९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला. कारभार मराठीत चालवायचा म्हणजे मराठी टंकलेखक हवेत. इकडे आपल्या जिल्ह्यात प्रवरेच्या काठी लोणीस १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता आणि मागोमाग इतर कारखाने येत होते. कारखाना म्हणजे जशी गव्हाण आणि चिमणी, तशीच कचेरीही. त्यामुळे तालुक्याच्या गावी, बाजारपेठेतल्या एखाद्या माडीवर, ‘टायपिंग क्लास’ची पाटी लागली. त्या माडीवरून दिवसभर येणारा कडकडाट ज्याने ऐकला नाही असा पन्नाशीचा नगरकर विरळा. ‘ए एस डी एफ जी एफ’ हा धडा बोटांनी हजारदा घोटायचा, पाठ ताठ ठेवायची, कळांकडे पाहिले की मास्तरांची छडी टेबलावर वाजायची. आणि मिनिटाला तीस शब्दांची सरकारी परीक्षा उतरली की मुलाच्या बापाच्या जिवात जीव यायचा. बिगाऱ्याची मुले आणि विडी वळणाऱ्या बायांच्या मुली या परीक्षेच्या शिडीवरून कचेरीत गेल्या. मालकाला द्यावयाची मागणीपत्रे आम्ही वर्षानुवर्षे अशाच मुलांकडून कार्बन घालून चार प्रतींत करून घेतली. मात्र ही विद्या शाळेने दिली नाही. ती फी भरून, शाळेबाहेर, मॅट्रिकनंतर मिळवावी लागली. ज्याला फी परवडली नाही तो शिडीच्या खालीच राहिला.

मग संगणक आला. त्याचे पहिले पाऊल कामगारांना भयाचे वाटले यात नवल नाही. बँकांच्या क्षेत्रात १९८३ साली कर्मचारी संघटना आणि बँका यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. यंत्र येणार हे धरून चालल्यावर ते शिकविणार कोणाला, कामाच्या वेळेत की बाहेर, आणि त्याचा लाभ कोणाच्या पदरी, हे प्रश्न संघटित माणूस विचारू शकतो. शाळेतले मूल ते विचारू शकत नाही. त्याच्या वतीने ते आपण विचारावयाचे असतात.

शाळांतील संगणकाचा आरंभही त्याच सुमाराचा. केंद्र सरकारने १९८४-८५ साली ‘क्लास’ नावाची योजना काढली व प्रथम २५० माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ नावाचे ब्रिटिश बनावटीचे संगणक दिले. पुढे २००१ साली आपल्या राज्यात महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम गावोगाव पोचला. पण तोही फी भरूनच. २००४ च्या डिसेंबरात केंद्राने शाळांसाठी माहिती तंत्रज्ञानाची नवी योजना आणली. महाराष्ट्रात तिची अंमलबजावणी कंत्राटाने झाली. कंपनीने यंत्रे द्यावी, शिक्षकही कंपनीनेच नेमावा आणि मुदत संपली की शिक्षकाने घरी जावे, असा तो मामला. यंत्राची नोंद शाळेच्या दप्तरी राहिली. शिकविणाऱ्या माणसाची राहिली नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हाताच्या टंकयंत्रावरील शेवटची सरकारी परीक्षा झाली आणि माडीवरचा तो कडकडाट थांबला. परीक्षा आता संगणकावर होते. यंत्र बदलले, परंतु विद्येचे दार अजून शाळेबाहेरच आहे.

या साऱ्या योजनांत राहून गेले ते काय, हे आपल्याच शहराचा इतिहास सांगेल. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते याच नगरात, अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार बाईंच्या संस्थेत. १८४८ साली पुण्यास मुलींची शाळा निघाली तेव्हा तिच्यापाशी ना इमारतीची श्रीमंती होती ना साहित्याची. तिच्यापाशी शिकविण्यास सिद्ध झालेली बाई होती. आधी शिक्षक आणि मग साधन, हा क्रम त्या काळी उमगला होता. आपण तो उलटा केला, आणि अनेक शाळांत संगणकाच्या खोलीला कुलूप लावून बसलो. मुलांना काय शिकविले? तर संगणकाच्या भागांची नावे. पोहणे शिकविताना तलावाच्या पायऱ्या मोजून घेण्यातलाच हा प्रकार!

दुःख याचे अधिक की आपल्या लिपीसाठी उत्तम कळफलक केव्हाच तयार झालेला आहे. ‘इन्स्क्रिप्ट’ नावाची ही मांडणी १९८६ साली सरकारने प्रमाण ठरविली व १९९१ साली भारतीय मानकात ती आली. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताखाली, व्यंजने बहुतेक उजव्या हाताखाली. मधल्या ओळीत उजवीकडे प, र, क, त, च, ट. शिफ्टची कळ दाबली की ‘क’चा ‘ख’ होतो, ‘त’चा ‘थ’, ‘च’चा ‘छ’, ‘ट’चा ‘ठ’, ‘प’चा ‘फ’. अल्पप्राण-महाप्राण म्हणून व्याकरणाच्या तासाला मूल जे पाठ करते तेच येथे बोटांना करायचे. आपला ‘ळ’देखील ‘ल’च्या घरातच, वरच्या मजल्यावर राहतो. आणि जुन्या यंत्राची ती वेलांटीची कसरत संपली. उच्चारात जे आधी तेच कळेवर आधी. बाराखडी आलेल्या मुलाला ही मांडणी परकी नाही. तरीही आमची मुले मोबाईलवर एका अंगठ्याने, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात.

कोणी म्हणेल, मुलांना हे सारे आपसूक येते, शिकविण्याचे काय कारण? ‘असर’च्या २०२४ सालच्या पाहणीत ग्रामीण भारतातील चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ८० हून अधिक मुलांना स्मार्टफोन चालविता येत होता, परंतु आदल्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी तो वापरलेली मुले शेकडा ५७ होती. चालविता येणे निराळे आणि कामाला लावता येणे निराळे. दुसरा कोणी म्हणेल, आता यंत्र बोललेले लिहून घेते, मग बोटे कशाला हवीत? उत्तर सोपे आहे. चाळीस मुलांच्या वर्गात एकाच वेळी चाळीस जण बोलून लिहू लागले तर बाजार भरेल. शिवाय लिहून झालेले तपासावे लागते. नाव, आकडा, तारीख दुरुस्त करावी लागते. त्यासाठी हात आणि डोळा दोन्ही तयार हवेत.

आता आमच्या मनातली मुख्य गोष्ट सांगतो. दिवाळीच्या आगेमागे पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडील ऊसतोडीची बिऱ्हाडे कोयते घेऊन निघतात आणि मुले पुष्कळदा गाडीत बसून फडावर जातात. त्यांच्या आईबापांनी घेतलेली उचल मुकादमाच्या वहीत असते. किती टन तोडले, किती फिटले, किती उरले, हे ती वही सांगेल तेच खरे. या घरातल्या सातवीच्या मुलीला संगणकावर तीन रकाने आखून उचल, टन आणि बाकी मांडता आली, तर मुकादमाच्या वहीशेजारी दुसरी वही उभी राहील. आमच्या संघटनेच्या शंभर भाषणांनी जे होणार नाही ते त्या तीन रकान्यांनी होईल.

म्हणून आमची मागणी मोठी नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांतून सहावीपासून रोज वीस मिनिटे ही विद्या द्यावी. ती जूनपासून दिवाळीपर्यंतच्या सत्रात पुरी करावी, म्हणजे फडावर जाणारे मूल ती शिदोरी घेऊनच जाईल. आधी मराठी कळफलक, दहाही बोटांनी, न पाहता, मग इंग्रजी, मग अर्ज, पत्र आणि हिशेबाचे रकाने. यंत्रे अपुरी असतील तर पुठ्ठ्यावर कळा आखून बोटे घोटून घ्यावी आणि यंत्रावर पाळीपाळीने बसवावे. आणि शिकविणारा माणूस शाळेचा असावा, कायम वेतनावर असावा; कंत्राटाच्या मुदतीबरोबर जाणारा नसावा. नव्या शैक्षणिक धोरणाने, २०२० साली, याच वयाच्या मुलांना संगणकाची आज्ञावली लिहिण्यास शिकविण्याचे योजिले आहे. आनंद आहे, पण आज्ञावली लिहायची तीही बोटांनीच.

आपण येथे बसलेले पालक, शिक्षक, पंचायतीचे सभासद आहात. येत्या जूनमध्ये आपापल्या गावच्या शाळेत जाऊन संगणकाच्या खोलीची किल्ली कोणापाशी आहे, एवढी चौकशी अवश्य करावी.