बॅटरीवर चालणारा निचरा पंप

बॅटरीवर चालणारा निचरा पंप हा तळघरात किंवा जमिनीच्या पातळीखालील जागेत साचणारे पाणी वीजपुरवठा खंडित झाला असतानाही बाहेर टाकणारा पूरक पंप होय. मुख्य पंप बंद पडल्यास, किंवा येणारे पाणी त्याच्या क्षमतेहून अधिक असल्यास, हा पंप आपोआप सुरू होतो. ज्या खड्ड्यात पाणी गोळा होते त्यास बांधकाम व्यवसायात ‘संप’ म्हणतात.

पिंपरी-चिंचवडमधील उपयोग

पिंपरी-चिंचवड शहरातून पवना नदी वाहते. दक्षिणेस मुळा आणि उत्तरेस इंद्रायणी नदी आहे. पवना व मुळा यांचा संगम सांगवी-दापोडी परिसरात होतो. धरणांतून विसर्ग वाढला की नदीकाठच्या सखल भागांत पाणी शिरते. नदीपासून दूर असलेल्या भागांतही बेसॉल्ट खडकाच्या भेगांमधून झिरपणारे पाणी तळघरातील वाहनतळात उतरते. चाकण व भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात यंत्रांच्या पायाचे खड्डे व केबलचे चर कोरडे ठेवण्यासाठीही असे पंप वापरता येतात.

पाणी वाढत असताना, म्हणजे पंपाची सर्वाधिक गरज असते तेव्हाच, सुरक्षिततेसाठी वीजपुरवठा बंद करावा लागण्याची शक्यता असते. मोठ्या गृहनिर्माण संस्थांत डिझेल जनित्र असते. लहान इमारतींत मात्र बॅटरी हाच व्यवहार्य पर्याय ठरतो.

रचना

या व्यवस्थेचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात १२ किंवा २४ व्होल्टचा एकदिश प्रवाहावर चालणारा पंप थेट बॅटरीस जोडलेला असतो. दुसऱ्या प्रकारात नेहमीचा पंप इन्व्हर्टरवर चालवला जातो. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेते, त्यामुळे इन्व्हर्टरची क्षमता पंपाच्या वीजवापराहून बरीच जास्त असावी लागते.

बॅटरीखेरीज चार्जर, फ्लोट स्विच, धोक्याची घंटा, फ्यूज व नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हे इतर भाग होत. पूरक पंपाचा फ्लोट मुख्य पंपाच्या फ्लोटपेक्षा काही सेंटिमीटर वर बसवतात. बॅटरी, चार्जर व इन्व्हर्टर पुराच्या संभाव्य पातळीच्या वर, हवेशीर जागी ठेवणे आवश्यक असते.

थेट जोडणीत केबलची जाडी महत्त्वाची ठरते. बॅटरी पंपापासून १० मीटर दूर असेल आणि पंप २० अँपिअर प्रवाह घेत असेल, तर ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये सुमारे १.८ व्होल्ट वाया जातात. १० चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये ही घट सुमारे ०.७ व्होल्ट असते.

कार्यकाल

१५० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्ट बॅटरीत नाममात्र १,८०० वॅट-तास ऊर्जा असते. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप सुमारे ५५० वॅट वीज घेतो असे धरले, तर गणिताने तीन तासांहून अधिक काळ मिळायला हवा. परंतु मोठा प्रवाह घेतल्यास शिसे-आम्ल बॅटरीची उपयुक्त क्षमता घटते आणि इन्व्हर्टरमध्येही काही ऊर्जा खर्च होते. प्रत्यक्षात दीड ते दोन तासांचाच भरवसा धरावा. पंप मधूनमधून चालत असल्यास हा काळ त्या प्रमाणात वाढतो.

देखभाल

पंप वर्षातील बराच काळ वापराविना राहत असल्याने मे महिन्यात संपूर्ण तपासणी करणे योग्य ठरते. खड्ड्यातील गाळ, प्लास्टिक व सिमेंटचे खडे काढून जाळी स्वच्छ केली जाते. त्यानंतर मुख्य पंपाचा पुरवठा बंद करून खड्ड्यात बादलीने पाणी ओततात व पूरक पंप स्वतः सुरू होतो का, पाणी बाहेर पडते का आणि नंतर तो थांबतो का, हे पाहतात. पावसाळ्यात ही चाचणी दरमहा करावी. देखभालीसाठी पूर्वसूचना देऊन होणारी वीजकपात हीही चाचणीची संधी असते.

बॅटरीतील पाण्याची पातळी महिन्यातून एकदा पाहून केवळ डिस्टिल्ड वॉटर घालतात. नळाचे पाणी किंवा आम्ल घालू नये. चार्जर काढून काही तासांनी मोजलेला दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असल्यास बॅटरी भरलेली समजतात, १२.२ व्होल्टला ती साधारण अर्धी उरलेली असते. अर्धवट भारित स्थितीत दीर्घकाळ राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसून ती कायमची निकामी होते.

दोष व निवारण

* पंप सुरू होत नाही: फ्यूज, टर्मिनलवरील गंज आणि पाइपात अडकलेला फ्लोट क्रमाने तपासावा. फ्लोट हाताने उचलल्यावर पंप चालला, तर दोष फ्लोटच्या जागेत असतो.
* मोटर गुणगुणते, पण फिरत नाही: पंख्यात कचरा अडकलेला असतो किंवा बॅटरी क्षीण झालेली असते. पुरवठा तोडूनच पंख्याला हात लावावा.
* मोटर फिरते, पण पाणी येत नाही: पंपात हवा अडकलेली असू शकते. काही उत्पादक यासाठी पंप व व्हॉल्व्ह यांमधील पाइपला सुमारे ३ मिलिमीटरचे छिद्र ठेवण्यास सांगतात. एकदिश मोटरची जोडणी उलटी झाल्यासही हा दोष दिसतो.
* पंप वारंवार चालू-बंद होतो: नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळत असल्याने पाइपातील पाणी खड्ड्यात परत येते.
* बॅटरी लवकर उतरते: पंप चालू असताना दाब मोजावा. पूर्ण भारित बॅटरीचा दाब काही मिनिटांतच १०.५ व्होल्टपर्यंत घसरल्यास बॅटरी बदलावी.

सुरक्षितता

२५ जुलै २०२४ रोजी पुण्याच्या डेक्कन परिसरात पावसाच्या पाण्यातून विजेचा धक्का बसून तिघांचा मृत्यू झाला. पाणी साचलेल्या तळघरात मुख्य पुरवठा बंद असल्याची खात्री झाल्याविना उतरू नये. इन्व्हर्टरचा पंप बाहेरील पुरवठा बंद असतानाही २३० व्होल्टवर चालतो, म्हणून त्याच्या वाहिनीवर गळती-प्रवाह ओळखणारे आरसीसीबी व योग्य भूयोजन असावे. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू बाहेर पडत असल्याने बॅटरीजवळ ज्योत किंवा ठिणगी नेऊ नये.

मर्यादा व विल्हेवाट

बाहेरचे गटारच पुराच्या पाण्याखाली गेले असल्यास पंप उपसलेले पाणी परत आत येऊ शकते. निर्गम पाइपाचे तोंड उंचावर असणे हा त्यावरील उपाय होय. नदीचे पाणी उतारावरून थेट तळघरात शिरत असेल, तर असा पंप पुरा पडत नाही. कारखान्यांतील तेलमिश्रित पाणी प्रक्रियेविना पावसाळी गटारात सोडू नये.

बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ग्राहकाने त्या घरगुती कचऱ्यात न मिसळता वेगळ्या सुपूर्द करावयाच्या असतात.

हेही पहा

* इन्व्हर्टर
* शिसे-आम्ल बॅटरी
* पवना नदी