सर्पेंट : ईश्वरस्तवनातील एक विस्मृत वाद्य

प्रार्थनासंगीत म्हटले की आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे टाळ, मृदंग व वीणा उभी राहतात. फ्रान्समधील चर्चांत मात्र दोनशेहून अधिक वर्षे गायकांच्या साथीस एक विलक्षण वाद्य असे. त्याचे नाव 'सर्पेंट', म्हणजे सर्प.

हे वाद्य १५९० च्या सुमारास ओसेर येथील एदमे गियोम या धर्माधिकाऱ्याने बनविले, अशी परंपरागत समजूत आहे. त्याची लाकडी नळी सुमारे आठ फूट लांब असे. ती सरळ ठेविली असती, तर वादकाची बोटे छिद्रांपर्यंत पोचती ना. म्हणून तिला नागमोडी वळणे दिली व वरून कातडे चढविले. शिंग फुंकावे तसे ते ओठांच्या कंपनाने वाजे. त्याचा खर्जातील नाद पुरुषकंठाशी सहज मिळून जाई, आणि गायकांचा स्वर ढळू न देणे हेच त्याचे मुख्य कार्य होते. मेंडेल्सझोन या जर्मन संगीतकारानेही १८३६ च्या 'सेंट पॉल' या समूहगान-रचनेत त्यास स्थान दिले.

इंग्लंडात खेड्यांतील चर्चांच्या सज्ज्यात बसून शेतकरी व कारागीर हेच वाद्य फिडल, क्लॅरिनेट आदींच्या जोडीने वाजवीत. एकोणिसाव्या शतकात तेथे ऑर्गन व हार्मोनियम आले. एका वादकाने काम भागू लागले आणि पिढ्यान्‌पिढ्या सेवा करणारे वादकवृंद घरी बसले. टॉमस हार्डी यांचे आजोबा व वडील अशाच वृंदात वाजवीत. ही व्यथा हार्डींनी आपल्या १८७२ च्या कादंबरीत चित्रित केली आहे.

पॅरिसच्या दबँ याने १८४२ मध्ये ज्याचे पेटंट घेतले, तीच हार्मोनियम पुढे आपल्याकडे भजन-कीर्तनात रुळली. मींड व श्रुती तीत निघत नाहीत, या आक्षेपावरून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दूर ठेविले. तरी भजनी मंडळांनी तिला सोडले नाही. जिने इतरांस उठविले, तिच्यावरही उठण्याचा प्रसंग आलाच.

यावरून आम्हांस इतकेच सुचवावेसे वाटते की, भजनात नवे वाद्य अवश्य आणावे, कारण कोणतेही वाद्य जन्मतः पवित्र वा अपवित्र नसते. मात्र त्यापायी वर्षानुवर्षे साथ करणाऱ्या जुन्या वादकास बैठकीतून उठवू नये. वाद्य पुन्हा घडविता येते; वृंद एकदा मोडला की पुन्हा जमणे कठीण.