लीफ स्प्रिंग बुश

लीफ स्प्रिंग बुश (बोलीभाषेत पाट्याचे बुश) हे वाहनाच्या कमानपाट्याच्या टोकावरील गोल डोळ्यात बसवले जाणारे नळीसारखे अस्तर होय. त्यातून जाणारा बोल्ट पाट्याला चासीशी किंवा शॅकलशी जोडतो. मारुती जिप्सीच्या दोन्ही आसांना, तर महिंद्रा बोलेरोच्या मागील आसाला पाटे असतात.

झीज
यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यासारख्या ठिकाणच्या कच्च्या रस्त्यांवर धक्के, धूळ व चिखल यांमुळे बुश लवकर झिजते. परिणामी खडखडाट होतो, आस जागेवरून सरकतो आणि वाहनावरील ताबा कमी होतो.

निवड
डोळ्याचा आतील व्यास व रुंदी तसेच बोल्टचा व्यास मोजून बुश निवडले जाते. रबरी बुश कंपने शोषते व स्वतः पिळवटून पाट्याला हालचाल करू देते; मात्र खनिज तेलाने ते खराब होते. पॉलियुरेथेनचे बुश अधिक कठीण व टिकाऊ असते, पण धक्के जास्त जाणवतात आणि ग्रीसअभावी ते करकरते. त्यामुळे प्रवासी वाहनास सहसा रबरी बुश सोयीचे ठरते.

जोडणी
रबरी बुशचा बोल्ट वाहनाचा भार चाकांवर असतानाच पूर्ण आवळतात. वाहन उचललेले असताना आवळल्यास रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते.